दान कंपनीचे, पाणी सोडायचे गावाने?

यवतमाळ जिल्ह्यातील वणी भागातल्या एका गावाच्या सरपंच ताईंचे पत्र आले आहे. त्यांच्या विनंतीवरून त्यांचे आणि गावाचे नाव देत नाही. पत्राचा आवश्यक भाग असा:

“आमच्या गावापासून तीन किलोमीटरवर कोळशाची खुली खाण आहे. रस्त्याने दिवसरात्र ट्रक चालतात आणि वेचणीच्या दिवसांत धुळीने कापूस काळा पडतो. जिल्हा परिषद शाळेच्या दोन खोल्या पावसाळ्यात गळतात. दुरुस्तीसाठी पंचायत समितीकडे तीन अर्ज दिले, तेव्हा तेथील अभियंत्यांनी तोंडी सांगितले की, ‘तुमच्या शेजारी एवढी मोठी कंपनी आहे, सीएसआरमधून (कंपनीच्या सामाजिक जबाबदारीच्या निधीतून) करून घ्या.’ उपकेंद्रातील आरोग्यसेविकेचे पद आठ महिन्यांपासून रिक्त आहे. आता कंपनीचे अधिकारी गाव ‘दत्तक’ घेण्याचा प्रस्ताव घेऊन आले आहेत. शाळेची दुरुस्ती व रंगरंगोटी, पिण्याच्या पाण्याचे आरओ यंत्र आणि आठवड्यातून एकदा दवाखान्याची गाडी असे ते देणार आहेत. त्यासाठी मार्चअखेरपूर्वी ग्रामपंचायतीचा आभाराचा ठराव हवा आणि त्यात ‘कंपनीबद्दल गावाची कोणतीही तक्रार नाही’ हे वाक्य हवे, असा त्यांचा आग्रह आहे. माझे सासरे म्हणतात, ‘देऊन रायले तर घेऊन घ्या ना बाप्पा, सरकारच्या भरवशावर बसलो तं पोरं म्हातारे होतीन.’ गावातले निवृत्त गुरुजी म्हणतात, ‘हे सरकारचे काम आहे. कंपनीकडून घेतले की सरकार सुटले आणि आपण बांधले गेलो.’ मी कोणाचे ऐकावे?”

सरपंच ताई, नमस्कार.

तुमच्या पत्रातील एकाच गोष्टीचे उत्तर एका वाक्यात देता येते, म्हणून ते आधी देतो. ‘गावाची कोणतीही तक्रार नाही’ हे वाक्य असलेल्या ठरावावर सही करू नका. दान देताना देणाऱ्याने पाणी सोडायचे, अशी आपली जुनी रीत आहे. येथे मात्र दान कंपनीचे आणि पाणी सोडायचे गावाने, तेही स्वतःच्या हक्कावर, असा उलटा संकल्प मांडलेला दिसतो. उद्या खाणीच्या विस्तारासाठी प्रदूषण नियंत्रण मंडळाची जनसुनावणी लागली किंवा काळ्या पडलेल्या कापसाची भरपाई मागण्याची वेळ आली, तर हाच कागद तुमच्यासमोर ठेवला जाईल.

मार्चअखेरच्या घाईचेही दडपण घेऊ नका, कारण ती घाई त्यांची आहे. सीएसआरचा पैसा त्या त्या आर्थिक वर्षात खर्ची पडावा, असा कायद्याचा दंडक आहे. मात्र काम एकाहून अधिक वर्षे चालणारे म्हणून मंजूर झालेले असेल, तर उरलेली रक्कम वर्ष संपल्यापासून तीस दिवसांत वेगळ्या बँक खात्यात ठेवून पुढील तीन आर्थिक वर्षांत खर्च करण्याची सोय २०२१ पासून लागू आहे. काम खरोखर करायचे असेल, तर एप्रिलमध्येही करता येते.

आता हा सीएसआर म्हणजे नेमके काय, ते समजून घेऊ, कारण आपल्याकडे त्याला कंपनीचा मोठेपणा समजण्याची सवय लागली आहे. २०१३ च्या कंपनी कायद्यातील कलम १३५ नुसार, ज्या कंपनीची निव्वळ मालमत्ता ५०० कोटी, उलाढाल १,००० कोटी किंवा निव्वळ नफा ५ कोटी रुपये वा त्याहून अधिक आहे, तिने मागील तीन वर्षांच्या सरासरी निव्वळ नफ्याच्या किमान दोन टक्के रक्कम सामाजिक कामांवर खर्च केली पाहिजे आणि जेथे ती व्यवसाय करते त्या परिसराला प्राधान्य दिले पाहिजे. हा नियम एप्रिल २०१४ पासून लागू आहे. म्हणजे कंपनी जे देत आहे ते तिला कोठेतरी द्यावेच लागणार आहे. त्याबद्दल सौजन्याने धन्यवाद म्हणायला हरकत नाही, पण उपकाराखाली वाकण्याचे कारण नाही. याच नियमांत आणखी एक तरतूद आहे आणि तुमच्या गावासाठी ती अधिक मोलाची आहे. दुसऱ्या एखाद्या कायद्याने कंपनीवर जे बंधन आधीच घातलेले आहे, ते पार पाडण्याचा खर्च सीएसआरमध्ये धरता येत नाही. खाणीच्या पर्यावरण मंजुरीत रस्त्यावर पाणी मारण्याची, ट्रकवर ताडपत्री झाकण्याची अट असेल, तर तिचे पालन हे दान ठरत नाही. आरओ यंत्राच्या बदल्यात धुळीचा प्रश्न मिटला, असा हिशेब कोणी मांडत असेल, तर तो कायद्यालाच मान्य नाही.

मी पंचायत विभागात विस्तार अधिकारी म्हणून बरीच वर्षे नोकरी केली आहे. त्या अनुभवावरून सांगतो की, असा प्रस्ताव आला म्हणजे गावाने दान मोजण्याआधी आपले येणे मोजावे. पहिले येणे ग्रामपंचायतीच्या स्वतःच्या वहीत असते. तुमच्या हद्दीत कंपनीची इमारत, वसाहत, वजनकाटा किंवा कोळशाचे साठवण आवार आहे काय? असेल तर त्यावरील कराची आकारणी झाली आहे काय, शेवटची वसुली कधी झाली, हे ग्रामपंचायत अधिकाऱ्यांना (पूर्वीचे ग्रामसेवक) नमुना आठ (कर आकारणीची नोंदवही) आणि मागणी नोंदवही काढायला सांगून स्वतः पाहा. कर चुकता न करता देणगीचा फलक लावणारा दाता नवलाचा नाही, आणि त्या फलकासमोर टाळ्या वाजवणाऱ्या ग्रामपंचायतीही मी पाहिल्या आहेत.

दुसरे येणे त्याहून मोठे आहे, आणि नवल असे की तुमच्या पत्रात कंपनीचे अधिकारी, अभियंता, सासरे, गुरुजी असे सगळे बोलतात, पण त्याचा उल्लेख कोणीच करीत नाही. खनिज कायद्यात २०१५ साली झालेल्या दुरुस्तीने खाणी असलेल्या जिल्ह्यांत जिल्हा खनिज प्रतिष्ठान स्थापन झाले. खाणपट्टा १२ जानेवारी २०१५ पूर्वीचा असेल, तर सरकारला भरायच्या स्वामित्वधनाच्या (रॉयल्टीच्या) तीस टक्के आणि त्यानंतर लिलावाने दिलेला असेल, तर दहा टक्के इतकी जादा रक्कम खाणचालकाने या प्रतिष्ठानात भरायची असते. तो पैसा खाणबाधित गावांसाठीच आहे आणि पिण्याचे पाणी, आरोग्य, शिक्षण व प्रदूषण नियंत्रण या बाबींना त्यात अग्रक्रम आहे. थोडी आकडेमोड करून पाहू. दगडी कोळशावर स्वामित्वधन किमतीच्या चौदा टक्के आहे. म्हणजे जुन्या पट्ट्यातून शंभर रुपयांचा कोळसा निघाला की चार रुपये वीस पैसे या प्रतिष्ठानात जमा व्हायला हवेत. त्याच शंभर रुपयांवर कंपनीला समजा वीस रुपये नफा झाला, तर त्याच्या दोन टक्के म्हणजे चाळीस पैसे सीएसआरचे. चाळीस पैशांसाठी गाव ठराव करते, हार आणते, मंडप घालते, आणि चार रुपये वीस पैशांचे काय झाले हे विचारायला जिल्हाधिकारी कार्यालयाची पायरी चढत नाही! बाधित गावांच्या यादीत तुमचे गाव आहे की नाही, आतापर्यंत तालुक्यात कोणती कामे मंजूर झाली आणि तुमच्या गावाला काय आले, हे जिल्हा खनिकर्म अधिकाऱ्यांना लेखी विचारा. उत्तर आले नाही तर माहितीचा अधिकार आहेच. तेथे तीस दिवसांची मुदत असते.

आता शाळेकडे वळतो. या बाबतीत तुमच्या गुरुजींचे म्हणणे भावनेपेक्षा कायद्याला अधिक धरून आहे. २००२ च्या ८६ व्या घटनादुरुस्तीने सहा ते चौदा वर्षांच्या मुलांचे शिक्षण हा मूलभूत हक्क झाला आणि २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याने शाळेची इमारत पुरवण्याचे कर्तव्य शासनावर व स्थानिक प्राधिकरणावर टाकले. त्या कायद्याच्या परिशिष्टात सर्व ऋतूंत टिकणारी इमारत, प्रत्येक शिक्षकामागे किमान एक वर्गखोली, पिण्याचे पाणी, मुलामुलींसाठी स्वतंत्र स्वच्छतागृहे असे स्पष्ट नमूद आहे. पावसाळ्यात गळणारी खोली त्या मापात बसत नाही. तेव्हा अभियंत्यांनी जे तोंडी सांगितले, ते त्यांनी लिहून का दिले नाही, याचा विचार करा. सीएसआर हा सरकारी योजनांतील पैशांची तूट भरून काढण्याचा मार्ग समजू नये, असा खुलासा कंपनी कामकाज मंत्रालयानेच केलेला आहे. त्यामुळे ते वाक्य कागदावर उतरवणे कोणाही अधिकाऱ्याला अवघड जाईल. तुमचा चौथा अर्ज शाळा व्यवस्थापन समितीच्या शाळा विकास आराखड्यासह द्या आणि ‘निधी नसल्यास तसे लेखी कळवावे’ अशी ओळ शेवटी घाला. या एका ओळीने फायली हलताना मी पाहिल्या आहेत, कारण नकार लेखी दिला की जबाबदारीही त्यावर नावासकट उमटते.

अर्थात सारा दोष त्या अभियंत्यांवर टाकून चालणार नाही. सरकारच वरून तीच वाट दाखवीत आहे. सप्टेंबर २०२३ मध्ये राज्य शासनाने ‘दत्तक शाळा योजना’ आणली, तिच्यात सरकारी शाळेला मदत करणाऱ्या देणगीदाराचे नाव ठरावीक मुदतीसाठी शाळेच्या नावाला जोडण्याची सोय आहे. मला हा ‘दत्तक’ शब्दच खटकतो. दत्तक अनाथाला घेतात, किंवा मायबापांनी आपल्या हाताने मांडीवर दिलेल्या मुलाला घेतात. आपल्या गावाचे मायबाप, म्हणजे ज्याला आपण मायबाप सरकार म्हणतो ते, हयात आहेत, दर महिन्याला कर घेत आहेत आणि दर पाच वर्षांनी मते मागत आहेत. त्यांनी मूल दुसऱ्याच्या मांडीवर ठेवून हात झटकावेत, हे गावाने खपवून घेऊ नये. कंपनीच्या प्रस्तावातील हा शब्द बदलून ‘सहकार्य’ असा करायला सांगा. बिनखर्चाचे काम आहे.

गुरुजींच्या म्हणण्यामागे आणखी एक मुद्दा आहे. तो तुमच्या गावापेक्षा तुमच्यापासून तीस कोसांवर असलेल्या गावाचा आहे. तेथे खाण नाही, कारखाना नाही, सिमेंटची चिमणी नाही. तेथील शाळाही गळते. त्यांनी कोणत्या कंपनीकडे जायचे? २०२२–२३ या वर्षात देशातील सगळ्या कंपन्यांनी मिळून सीएसआरवर खर्च केलेली रक्कम सुमारे ३० हजार कोटी रुपये होती. एकट्या महाराष्ट्र सरकारचा वार्षिक अर्थसंकल्प आज सहा लाख कोटींच्या पुढे आहे. पहिल्या रकमेतून दुसरीचे काम होणे शक्य नाही, आणि ती जाते तीही जेथे कारखाने व कार्यालये आहेत तेथेच अधिक. शहराचा पैसा खेड्यापर्यंत हक्क म्हणून कसा आणता येतो, याचा धडा आपल्याच राज्याने घालून दिलेला आहे. १९७२ च्या दुष्काळाच्या अनुभवातून वि. स. पागे यांची रोजगार हमीची कल्पना राज्यभर रुजली. तिच्यासाठी १९७५ मध्ये नोकरदार आणि व्यावसायिकांवर व्यवसाय कर बसवला गेला, तेवढीच रक्कम सरकारने स्वतःची घालायची ठरले, आणि पुढे १९७७ मध्ये विधिमंडळाने त्याचा कायदा केला. मुंबईतला कारकून आपल्या पगारातून जो कर देत होता, त्यातून यवतमाळच्या मजुराला बांधावर काम मिळत होते. पण त्या मजुराने त्या कारकुनाचा फलक गावाच्या वेशीवर लावला नाही आणि त्याच्याबद्दल आपली तक्रार नसल्याचा ठरावही केला नाही. काम मागणे हा त्याचा अधिकार होता. दान आणि कर यांत फरक आहे तो एवढाच, आणि तो फार मोठा आहे.

इतके लिहून झाल्यावर तुम्हाला वाटेल की, मी गुरुजींच्या बाजूने निकाल दिला. तसे नाही. तुमच्या सासऱ्यांच्या बोलण्यात अर्ज करून करून थकलेल्या माणसाचे शहाणपण आहे आणि ते हसण्यावारी नेऊ नये. गुरुजींच्या तत्त्वासाठी या वर्षीच्या तिसरीतल्या मुलांनी आणखी एक पावसाळा ओल्या भिंतीला टेकून बसावे, हे मला पटत नाही. आणि विदर्भात राहून खाजगी दातृत्वाला नावे ठेवणे हा तर कृतघ्नपणाच होईल. वरोऱ्याचे आनंदवन, सेवाग्रामचे रुग्णालय, गडचिरोलीचे ‘सर्च’ ही आपल्याच मातीतली उदाहरणे आहेत. मात्र त्यांचा पुढचा इतिहासही पाहावा. ‘सर्च’ संस्थेचे संस्थापक डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांनी गडचिरोलीच्या ३९ गावांत गावातल्याच बायकांना शिकवून नवजात बाळांची घरोघरी काळजी घेण्याची पद्धत बसवली. त्या गावांतील नवजात मृत्यूंचे प्रमाण निम्म्याहून अधिक खाली आल्याचे निष्कर्ष १९९९ मध्ये जगापुढे आले. पण ती पद्धत देशभरातल्या बाळंतिणींच्या दारापर्यंत जायला २०११ उजाडावे लागले, म्हणजे केंद्र सरकारने ते काम आशा कार्यकर्तींकडे सोपवले तेव्हा. सेवाग्रामला १९६९ मध्ये वैद्यकीय महाविद्यालय निघाले ते एका सेवाभावी संस्थेचे, परंतु त्याच्या खर्चाचा मोठा वाटा केंद्र आणि राज्य सरकार उचलत आले आहे. नवी वाट काढणे संस्थेला जमते. त्या वाटेने सगळ्यांना, रोज, न चुकता नेण्याचे काम मात्र सरकारचेच आहे, कारण त्यासाठी जी तिजोरी आणि जो कर्मचारीवर्ग लागतो, तो दुसऱ्या कोणाकडे नाही.

म्हणून तुमच्यासमोरच्या तिन्ही वस्तूंना मी एकच प्रश्न विचारीन: उद्या कंपनीने हे बंद केले, तर गावाचे काय अडेल? कोळसा कधीतरी संपणार आहे, खाण कधीतरी बंद होणार आहे, त्यामुळे हा प्रश्न काल्पनिक नाही. शाळेची दुरुस्ती एकदा झाली की झाली. कंपनी गेली तरी छप्पर गावातच राहील, म्हणून ती खुशाल घ्या. मात्र छपराच्या दुरुस्तीआधी रंग लावू देऊ नका. रंग फोटोत दिसतो आणि छप्पर दिसत नाही, म्हणून रंगाची घाई असते.

आरओ यंत्राबद्दल मात्र माझे मत कडू आहे, आणि त्याचे कारण माझीच एक चूक आहे. माझ्या नोकरीच्या काळात एका गावात एका कंपनीने असे यंत्र बसवून दिले. पाच रुपयांत वीस लिटरची कॅन मिळू लागली, लोक खूश झाले, आणि गावाच्या विहिरीत टीसीएल (जंतुनाशक) पावडर टाकणे, नळयोजनेची गळती काढणे ही कामे हळूहळू मागे पडली. ज्यांना रोज पाच रुपये परवडत नव्हते ते तेच विहिरीचे पाणी पीत राहिले. त्यांचा आवाज ग्रामसभेत नव्हता. सुमारे अडीच वर्षांनी देखभालीचा करार संपला, मेंब्रेन बदलायला कोणी आले नाही, वीजबिल थकले आणि खोलीला कुलूप लागले. तोपर्यंत नळयोजनेचा पंपही गंजलेला होता. त्या गावाच्या तपासणी अहवालात ‘पिण्याच्या पाण्याचा प्रश्न सुटला आहे’ असे वाक्य मीच माझ्या हाताने लिहिले होते.

तेव्हा यंत्र घ्यायचेच असेल, तर आधी जलसुरक्षकाकडून पाण्याचे नमुने प्रयोगशाळेत पाठवा. यवतमाळ आणि चंद्रपूर जिल्ह्यांतील काही भागांत पाण्यात फ्लोराइडचा दोष आहे. तुमच्याकडे तसा दोष निघाला, तर आरओला अर्थ आहे, नसेल तर नाही. सीएसआरमधून उभी राहिलेली मालमत्ता कंपनीला स्वतःच्या नावावर ठेवता येत नाही. ती ग्रामपंचायतीसारख्या सार्वजनिक प्राधिकरणाच्या, नोंदणीकृत संस्थेच्या किंवा लाभार्थी गटाच्या नावे करावी लागते. म्हणजे यंत्र तुमचे होईल आणि बिलही तुमचे होईल. किमान पाच वर्षांची देखभाल, वीजबिल कोणी भरायचे आणि वाया जाणारे पाणी कोठे सोडायचे, हे करारात लिहून घ्या. आणि नळयोजनेवरील खर्च एका रुपयानेही कमी करू नका. जलजीवन मिशनने माणशी रोज ५५ लिटर पाणी नळाने देण्याचे ठरवले आहे, कॅनने नाही.

दवाखान्याच्या गाडीबद्दल थोडक्यात सांगतो. मंगळवारी येणारी गाडी शुक्रवारी रात्रीच्या बाळंतपणाला उपयोगी पडत नाही. म्हाताऱ्यांच्या रक्तदाबाच्या गोळ्यांसाठी ती येऊ द्या, पण रिक्त पदाची मागणी तालुका आरोग्य अधिकाऱ्यांकडे दर महिन्याला लेखी जात राहिली पाहिजे. गाडी सुरू झाली की ‘तुमच्याकडे सोय आहे’ असे म्हणून तुमच्या गावचे पद यादीत खाली ढकलले जाण्याचा धोका खरा आहे.

हे सगळे मासिक सभेत पाच-सात सदस्यांनी ठरवू नये. विशेष ग्रामसभा बोलवा आणि शक्य असेल तर आदल्या दिवशी महिलांची सभा घ्या, कारण पाणी आणि बाळंतपण या दोन्ही विषयांतले खरे बोलणे तेथेच होते. गडचिरोली जिल्ह्यातल्या मेंढा (लेखा) या गावाने ‘आमच्या गावात आम्हीच सरकार’ अशी घोषणा दिली, ती निर्णय सगळ्यांनी बसून करण्याच्या सवयीतून आलेली आहे. सासरे आणि गुरुजी या दोघांनाही त्या सभेत बोलू द्या. त्यांचे भांडण तुम्ही घरात सोडवत बसलात तर ते तुमच्यावरच येईल.

ठरावाचा मसुदा मागितला नसला तरी सुचवतो: “कंपनीने शाळेच्या दोन खोल्यांच्या छताच्या दुरुस्तीसाठी देऊ केलेले सहकार्य ग्रामसभा आभारपूर्वक स्वीकारते. या सहकार्यामुळे शिक्षण, आरोग्य व पाणीपुरवठा यांबाबत जिल्हा परिषद व राज्य शासन यांची कायदेशीर जबाबदारी, तसेच खाणीमुळे होणारी धूळ, पीकनुकसान व पाणीपातळी यांबाबत गावाचे हक्क व तक्रारी कोणत्याही प्रकारे कमी होत नाहीत. उपकेंद्रातील रिक्त पद भरावे आणि जिल्हा खनिज प्रतिष्ठानातून गावास मिळालेल्या व देय निधीची माहिती द्यावी, अशी मागणी ही ग्रामसभा करीत आहे.” एवढे वाचून कंपनी मागे फिरली, तर ती कशासाठी आली होती ते तुम्हाला कळेल. माझा अंदाज आहे की फिरणार नाही, कारण मार्च जवळ आला आहे. ठरावाच्या प्रती कंपनी, गटविकास अधिकारी, गटशिक्षणाधिकारी, तालुका आरोग्य अधिकारी आणि जिल्हाधिकारी यांना एकाच दिवशी द्या, आणि प्रत्येक ठिकाणी आपल्या प्रतीवर आवक क्रमांक व शिक्का घेतल्याशिवाय टेबलापासून हलू नका.